सासऱ्यांच्या पटाशीची जागा

मुलुंड (पूर्व)
रविवार, जेवणानंतर

चि. जयवंत यास,

अनेक आशीर्वाद. त्यातले निम्मे माधुरीला दे, तुझ्याबरोबर संसार करायला तिला ते जास्त लागत असतील. तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतोस, की नुसती बाटली उशाशी घेऊन झोपतोस? इकडे आम्ही दोघं बरे आहोत. माझी साखर आटोक्यात आहे (जिलेबीचा विषय या पत्रात नको). फोन सोडून हे पत्र कशाला, असं तुला वाटेल. अरे, आमचा फ्लॅट तो केवढा! हॉलमध्ये बोललेलं शेवंतीला बाल्कनीत ऐकू जातं, आणि मेसेज करावा तर माझ्या मोबाइलचा पासवर्ड तुझ्या बहिणीला माझ्याआधी आठवतो. म्हणून पोस्टाचं पाकीट. विषय तिचाच आहे आणि तिच्या लेथचा.

तुला यातलं बरंचसं माहीत आहे, तरी सांगतो, कारण मला पहिल्यापासून सांगितल्याशिवाय सांगताच येत नाही. तुमचं सावंतवाडीचं घर आवरलं तेव्हा तुमच्या वडिलांचा कातकामाचा लेथ शेवंतीने इथे आणला. टेम्पोवाला म्हणाला, काकी, भंगारात द्या. त्यावर तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो बिचारा मुलुंड येईपर्यंत गप्प होता. मग लेथला मोटर लावली, बाल्कनीला काचा बसवल्या, आणि साठी उलटलेली तुझी बहीण पाटावर बसून लाटणी, भोवरे, भातुकलीची भांडी कातू लागली. अख्ख्या बिल्डिंगमध्ये आता तिच्याच लाटण्यावर पोळ्या होतात. सुरुवातीला मी याला टाइमपास म्हणत असे. एकदा ती काम करत असताना तिचा चेहरा पाहिला आणि तो शब्द वापरायचं सोडलं.

मी विक्रोळीच्या कारखान्यात स्टोअरमध्ये होतो असं लोक सांगतात, पण ते अपुरं आहे. मीच स्टोअर होतो. निवृत्त झाल्यावर मला लावायला काही उरलं नाही. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर नावं चिकटवली, तर शेवंतीने 'तूरडाळ' लिहिलेल्या डब्यात मुद्दाम साखर भरली (त्या दिवशीची आमटी मी न बोलता खाल्ली). मग माझी नजर बाल्कनीकडे वळली. जयवंत, तिथली अवस्था पाहून मला रडायचंच बाकी होतं. लाकूड कातायची एक पटाशी तिच्या मांडीखाली, दोन पोह्यांच्या जुन्या डब्यात तोंड वर करून, एक खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेली. आणि तुमच्या वडिलांची ती शिसवी मुठीची, खोलगट पात्याची गोल पटाशी कायम तिच्या मांडीवर, झोपलेल्या मांजरासारखी. गंमत म्हणजे शेवंतीला यातलं काही शोधावं लागत नसे. मान न वळवता हात जाई आणि हवी ती पटाशी हातात येई. पण व्यवस्था म्हणून काही असते की नाही?

मी प्लायवूड आणलं. त्यावर प्रत्येक हत्यार ठेवून त्याचा आकार काढला आणि तो आकार पिवळ्या ऑइलपेंटने भरला. कारखान्यात असंच असतं. हत्यार जागेवर नसलं की पिवळा रंग लांबूनच ओरडतो. बोर्ड लावला लेथच्या पलीकडच्या भिंतीवर. पहिल्याच दिवशी पटाशी घ्यायला तिने फिरत्या लाकडावरून हात नेला आणि गाऊनची बाही अडकता अडकता राहिली. तिने मोटर बंद केली आणि बाही माझ्यापुढे धरली. मी बोर्ड तिच्या पाठीमागच्या भिंतीवर नेला. आता दर पटाशीला पाटावरून उठायचं आणि परत बसायचं, आणि गुडघे तर तुमच्याच घराण्याचे. आठवडाभरात गोल पटाशीच्या जागी आमटीची पळी टांगलेली दिसली. विचारलं, तर आकार जुळला म्हणे.

तरी मी हरलो नव्हतो. रोज संध्याकाळी मी हत्यारं गोळा करून आपापल्या जागी लावत असे. असंच लावताना काही महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की गोल पटाशीच्या टोकाशी पिवळा रंग दिसतोय. म्हणजे हत्यार जागेवर आहे आणि तरी कमी आहे! नोकरीत असला प्रकार मी कधी पाहिला नव्हता. शेजारच्या फ्लॅटमध्ये फर्निचरचं काम चालू होतं. तिथल्या सुताराने आमची पटाशी बदलून नेली असणार असं मी धरून चाललो आणि त्याच्या हत्यारांवर नजर टाकायला गेलो (त्याने मला चहा पाजला, त्यामुळे विचारायचं राहून गेलं). शेवटी शेवंतीलाच सांगितलं. ती इतकी हसली की डोळे पुसावे लागले. "अहो, दगडावर धार लावते ना मी? मग ती काय वाढेल?"

मला मात्र हसू आलं नाही. जन्मभर मी वस्तू मोजल्या. एखादी वस्तू आपल्या जागेवर बसूनही रोज थोडी थोडी जात असते, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. तुमचे वडील धार लावायचे तेव्हापासून ती झिजते आहे. आता मुठीपुढे जेमतेम बोटभर पोलाद उरलंय. मला भीती वाटली रे. पटाशीची थोडी आणि शेवंतीची जास्त. ही संपली तर ती काय करेल, या विचाराने मला काही सुचेना. मग मला जे येतं तेच मी केलं. पटाशी पुसली, तिला तेल लावलं, मखमलीच्या तुकड्यावर ठेवली आणि हॉलमधल्या काचेच्या कपाटात बंद केली. वर छोटा दिवासुद्धा लावला. शेवंतीने पाहिलं आणि म्हणाली, "बरं."

तुझी बहीण भांडते तेव्हा घरात सगळं ठीक असतं. 'बरं' म्हणते तेव्हा वाट लागलेली असते. बाकीच्या पटाश्यांनी तिने एकदोन लाटणी केली, मग एके सकाळी लेथवर जुनी चादर पडली. बाल्कनी गप्प झाली. वहिनींना बरं नाही का, असं खालच्या मजल्यावरचे लोक येऊन विचारून गेले; याच माणसांनी आवाजाची तक्रार केली होती. मी रोज कपाटाची काच पुसत होतो, आणि पुसताना मलाच माझा राग येत होता. शेवटी मी तिला विचारलं, की अगं, मी ती जपलीच ना? राग आला की ती मालवणीवर जाते, ते तुला माहीत आहे. म्हणाली, "हातात आसली की माझे बाबा आसत. कपाटात ठेवलात, की नुसतो फोटो."

मी कपाट उघडलं आणि पटाशी तिच्या मांडीवर नेऊन ठेवली. त्या दुपारी पुन्हा मोटर चालू झाली. बोर्ड मी भिंतीवरून काढून तिच्या उजव्या हाताशी जमिनीवर आडवा टाकला आहे, आणि पटाश्या त्यावर वाटेल तशा पडलेल्या असतात. मला त्रास होतो, पण मी तिथे बसून भुसा गोळा करतो आणि तिच्याशी गप्पा मारतो. कामाच्या वेळी ती बरीच बोलते, हे इतक्या वर्षांत मला ठाऊक नव्हतं.

असो. गुडघ्याला तेल लाव. उत्तर पत्रानेच पाठव, फोनवर नको.

तुझे भावोजी,
चंद्रप्रकाश

ता. क. : पत्र खरं तर यासाठीच लिहायला घेतलं होतं. घराच्या वाटणीत वडिलांच्या दोन गोल पटाश्यांपैकी एक तुझ्याकडे गेली. तू तिने करवंटीतलं खोबरं काढतोस असं ऐकतो. म्हणजे तिच्यात पोलाद भरपूर उरलेलं असणार. जयवंत, ती शेवंतीला दे. इथली संपेल तेव्हा वडिलांची दुसरी तिच्या हाताशी असू दे. तुझी बहीण हे मागणार नाही, म्हणून मी मागतो आहे.

पुन्हा ता. क. : पाकिटावर घालायला तुझा पिनकोड शेवंतीला विचारला, तिथेच फसलो. तिने अख्खं पत्र वाचलं. मला वाटलं, खूश होईल. म्हणाली, "खोबरां काढता मां तो? मगे त्येच्या हातात आसा ती. ऱ्हवांदे. बाबा त्येचेय होते." आणि मोटर चालू करून कामाला लागली. तेव्हा वरची मागणी रद्द समज. पटाशी तुझ्याकडेच राहू दे. फक्त बोथट झाली की तिला धार लावत जा. थोडी कमी झाली तरी चालेल.