डाव्या वळणावर टेकलेली दांडी

मी, लटारू वल्द देवाजी निकुरे, वय वर्षे एकोणसाठ, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला देवी काढणारा, म्हणजे देवीची लस टोचणारा, राहणार गडचिरोली, जिल्हा चांदा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. उजवा गुडघा सोडला तर शरीर ठीक आहे, डोके शाबूत आहे. कोणाचा दाब नाही. पत्नीचा एवढाच आग्रह आहे की लिहायचेच तर खरे लिहा.

कलम १. राहते घर, परसातली विहीर आणि अडीच एकर धानाची बांधी माझ्यामागे पत्नी कमळा हिची. तिच्यानंतर हे सर्व पुतण्या पत्रूला जावे. त्याचे वडील, म्हणजे माझे थोरले बंधू बापूजी, यांनी चौतीस साली नेलेली कुऱ्हाड अजून परत केलेली नाही. ती आता त्यांच्याकडेच राहू द्यावी.

कलम २. माझी विलायती मोटारसायकल पत्रूस द्यावी. तो शाळामास्तर आहे आणि पायाने लांब आहे. मात्र गाडीची उंची आहे तशीच ठेवावी. "काका, जरा खाली केली तर झकास दिसंन," असे तो मला म्हणाला आहे. म्हणून पुढचे कलम त्याने दोनदा वाचावे.

कलम ३. मी बुटका. गाडीवर बसलो की टाचा जमिनीला टेकत नसत. लसीच्या पेट्या मागे बांधून एटापल्लीकडच्या रेतीत थांबायचे म्हणजे कसरतच. म्हणून एक्कावन्न साली मी इथले मिस्त्री शेख कय्यूम यांना गाडी खाली करायला सांगितले. ते म्हणाले, "लटारूभाऊ, पाय टेकन, पण गाडी बी टेकन. वळणावर झोपवता तवा खाली जागा लागते." मी ऐकले नाही. त्यांनी मागे आखूड स्प्रिंगा बसवल्या आणि काढलेल्या जुन्या स्प्रिंगा गोणपाटात बांधून माझ्या हाती दिल्या. "ठेवून द्या. लागतीन," म्हणाले.

पुढल्या फाल्गुनात एटापल्लीच्या उतारावर डाव्या वळणात गाडी खालून काहीतरी खरडली, मागचे चाक उचलल्यासारखे झाले आणि मी पळसाच्या बुंध्यावर जाऊन आदळलो. गुडघ्याची वाटी फुटली. खाटेवरून उठताच मी भर बाजारात ओरडून सांगितले की कय्यूमने नट ढिला ठेवला. नट मी पाहिलाही नव्हता. पण दुखणे कोणाच्या तरी माथी मारायचे होते. जंगलच्या ठेकेदाराने आपल्या ट्रकांचे काम त्यांच्याकडून काढून घेतले. सहा महिन्यांत कय्यूम आणि त्यांची बीबी खुर्शीदा बिऱ्हाड घेऊन नदीपलीकडे कोरपन्याला गेले. तिथे ते कंदील आणि सायकली दुरुस्त करू लागले.

कलम ४. गतवर्षी पत्रूला दाखवायला गाडी बाहेर काढली. कमळा खालची माती पुसत होती. स्टँड पायाने दाबायची जी दांडी डावीकडे बाहेर आलेली असते, तिच्यावर तिचे बोट थांबले. "हे इथी घासलं काऊन? दगडावर पाजवल्यावानी?"

मी वाकून पाहिले. दांडीचे टोक एका बाजूने सपाट झाले होते. सगळे नट जागच्या जागी, गंज धरून घट्ट.

त्या दिवसापासून मला चैन पडेना. माळ्यावरून जुन्या स्प्रिंगा काढल्या. शेजारचे वारलूभाऊ मदतीला आले. कमळाला सीटवर बसवले, मागे लसीच्या पेट्यांएवढा तांदूळ बांधला आणि भिंतीला ओळंबा सोडून गाडी डावीकडे झुकवत नेली. आखूड स्प्रिंगांवर पुढचा दिवा ओळंब्यापासून हातभरही सरकला नाही, तोच दांडी जमिनीला लागली. जुन्या स्प्रिंगा घालून तोच खेळ केला, तर सव्वा हात गेला. कमळा वरूनच म्हणाली, "आता मले उतरू द्या. समजलं ना?" समजले होते. तरी तीन वेळा मोजले आणि जुन्या स्प्रिंगा गाडीत तशाच राहू दिल्या.

मग कोरपन्याला गेलो. कय्यूम सायकलचे चाक सरळ करत होते. मी सगळे सांगितले. त्यांनी चाक खाली ठेवले. मग त्यांनी विचारले, "ओझ्यासकट मोजलं की बिनओझ्याचं?" ओझ्यासकट, असे सांगताच त्यांनी खडू घेतला. अर्धा तास आम्ही फरशीवर गाडी आखत बसलो. एवढ्या वर्षांत इतके बरे मला वाटले नव्हते. उठताना मात्र ते म्हणाले, "भाऊ, नटाची गोष्ट तुमी बाजारात बोलले होते. हे इथी, माझ्या दुकानात बोलून राह्यले."

कलम ५. म्हणून माझ्या मृत्यूनंतर कलम ३ आणि ४ भर बाजारात वाचून दाखवावे, असे मी प्रथम लिहिले होते. कमळाने ते वाचले. "मेल्यावर काऊन? तवा तुमाले लाज नाई वाटणार म्हणून?"

गेल्या आठवडी बाजारी मी काठी टेकत मिरचीच्या ढिगांजवळ उभा राहिलो आणि दोन्ही कलमे मोठ्याने वाचली. काही हसले. ठेकेदार मान फिरवून निघून गेला. एका गाडीवानाने विचारले की बैलगाडीलाही असे होते काय. त्याला समजावताना माझा आवाज मोकळा झाला. हे कलम आता रद्द समजावे.

कलम ६. घराला लागून रस्त्याकडेची मोकळी जागा दुकानासाठी शेख कय्यूम यांस द्यावी, असे मी लिहिले होते. काल ते हा कागद पाहायला आले. ज्याला काही मिळायचे त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलाने सांगितल्याचे मी त्यांना बोललो. त्यांनी ते कलम पुन्हा वाचले आणि म्हणाले, "मंग जागा खोडा. सहा वर्षं माझ्या सांगण्याले किंमत नोती. मले सही कराची आहे."

जागा खोडली आहे. ती कलम १ मधील घरासोबत राहील.

येणेप्रमाणे लिहून, वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली.

मुक्काम गडचिरोली, ता. १६ मार्च १९५८

सही: लटारू देवाजी निकुरे

साक्षीदार:
१. वारलू झिंगू चिचघरे, शेतकरी, गडचिरोली (अंगठा)
२. शेख कय्यूम वल्द शेख इनायत, मिस्त्री, कोरपना. वरील कलम ३ व ४ मधील मजकूर खरा आहे. (सही)