भैरवीच्या वेळचा चहा

पेण, २७ नोव्हेंबर

प्रिय मैथिली,

समीक्षाने खोकं तुझ्या ओट्यावर ठेवलं असेल आणि पत्र बाजूला सारून तू आधी दोरी सोडायला घेतली असशील. तुझी सवय मला नवी नाही. तरी सांगते, खोक्यात कॅसेट नाही. जे आहे ते कुठे पळून जात नाही, आधी हे वाच. बायपासच्या ऑपरेशननंतर तू पहिल्यांदाच माझ्याकडे काही मागितलंस, तेही हट्टाने. यंदा डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी मला ती भैरवी ऐकायचीच आहे, पेणला येणं जमलं नाही तर कॅसेट रोह्याला धाड, म्हणालीस. मी आधी म्हटलं टेप अडकतेय, मग म्हटलं माझी भाची समीक्षा परगावी गेलीय, आणि मग फोन घेणंच बंद केलं. तीन आठवडे झाले. रोज सकाळी नऊला तुझा फोन वाजतो आणि तो थांबेपर्यंत मी हात पुसत त्याच्याकडे बघत उभी राहते. रागावली असशील, रागाव. पण कॅसेट मी तुला देणार नाही, आणि पेणला तर तू यायचंच नाहीस.

पस्तीस वर्षांपूर्वीच्या त्या रविवारचं तुला मी काय सांगावं. पण मला पहिल्यापासून लिहायचंय, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलंय. गिरिजाबाई केळशीकर गाणं सोडून बसल्या होत्या. जोह्याच्या मूर्तींच्या कारखान्यात पुढल्या वर्षीच्या गणपतीचं सांगायला त्या आल्या आणि आपल्या अंबरीश सरांनी त्यांना तिथेच गाठलं. प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्या पुसणारा हा माणूस, त्याने बाईंना कसं वळवलं देव जाणे, पण बाई शाळेच्या चित्रकलेच्या हॉलमध्ये दुपारी तीनला गायला बसल्या. साठ माणसं होती. पस्तिशीतला माझा गोपाळ पहिल्या रांगेत मांडीवर ताल धरून. गडबचे दाजी वालाची पेरणी अर्धी टाकून सायकलने आलेले. रागांची नावं त्यांना ठाऊक नव्हती, पण सम आली की त्यांची मान बरोबर पडायची. आणि चहा आपल्या दोघींकडे. मध्यंतरात मीच तुला म्हटलं, आता बाई मोठा राग घेतील, तासाची निश्चिंती आहे, तेवढ्यात चहा उरकू म्हणजे भैरवी निवांत ऐकता येईल. तू नको म्हणत होतीस. तू गाणं शिकलेली, बाईंच्या भैरवीसाठीच जीव टाकून आली होतीस. मी तुला हाताला धरून अंगणापलीकडच्या पडवीत नेलं. तो मोठा पितळी स्टोव्ह पेटवला, आणि त्याच्या भर्र आवाजात आपल्याला एकमेकींचंसुद्धा ऐकू येईना.

बाईंचा घसा बसायला लागला होता. त्यांनी पाणी घेतलं, आज एवढंच देवाला मंजूर दिसतंय म्हणाल्या आणि एकदम भैरवीच घेतली. तू कपांचा ट्रे घेऊन दाराशी पोचलीस तेव्हा तानपुरे खाली ठेवले जात होते. माणसं डोळे पुसत होती, चहाकडे कोणी बघेना. दाजींनी तेवढं विचारलं, कुठं व्हत्या गो तुम्ही दोघी, देव येऊन गेला हितं. बाई त्यानंतर कुठेच गायल्या नाहीत आणि दोन वर्षांत गेल्या. अंबरीश सरांच्या टेपरेकॉर्डरवर उतरलं तेवढंच काय ते उरलं. तू मला एका शब्दाने बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं.

मग आपली दरवर्षीची बैठक सुरू झाली. त्याच रविवारी, तीनच वाजता, माझ्या घरी, हॉलमध्ये बसलो होतो त्याच क्रमाने खुर्च्या मांडून. गोपाळने नियम केला, भैरवी झाल्याशिवाय चहा नाही. सगळे हसले, तूही हसलीस. पण कॅसेट उलटायची वेळ आली की तू उठून परसात जायचीस आणि संपेपर्यंत कडीपत्ता तोडत बसायचीस. प्रत्यक्ष हुकली ती हुकली, डब्यातली मला नको, म्हणायचीस. चूक माझी आणि उपास तुझा, पस्तीस वर्षं. म्हणून तर यंदा तू आपणहून मागितलीस तेव्हा मला आधी आनंदाने रडू आलं. तुझा फोन ठेवला आणि मी देवापुढे साखर ठेवली.

आता खरं सांगायचं ते. दाजी गेले त्या वर्षीच्या बैठकीत, भैरवीच्या पहिल्याच सुरावर टेपमधून त्यांचा आवाज आला. व्हय माझे आई, एवढंच. मी म्हटलं हे आधी कधी नव्हतं. अंबरीश सर म्हणाले, होतं, असणारच, दाजी तेव्हा शेजारी बसलेले असायचे म्हणून आपण टेपवरच्या दाजींकडे लक्ष देत नव्हतो. मला पटलं. मी विज्ञानाची शिक्षिका, मला असलं पटतं. मग सर गेले आणि त्यांचा आवाज सापडला, वा बाई वा. ते तर माइक धरूनच बसले होते, त्यांचा आवाज नसता तर नवल. तुला हे मी कधी सांगितलं नाही कारण तू परसात असायचीस. सहा वर्षांपूर्वी गोपाळ गेला. त्या डिसेंबरात मी मुद्दाम कान देऊन बसले. तुला माहीत आहे, गाण्यात तो तोंडातून अक्षर काढायचा नाही. पण भैरवी उठली आणि तो कुणाला तरी हळूच विचारताना ऐकू आला, ही कुठे राहिली? मी कितीदा ती जागा मागेपुढे करून ऐकली. इतकी वर्षं मला वाटत होतं की त्या दुपारी माझी आठवण कोणालाच झाली नाही. मला इतकं बरं वाटलं की त्यात काही वेगळं आहे का, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही.

मैथिली, कासूची रंभाकाकू आठवते? तुमच्या माहेरी भात कांडायला यायची ती. आपण बीएडच्या सुट्टीत तिथे होतो. मी फाटकातून तुला हाक मारली, परत मारली, तू घरात असून ओ देईनास. मी चिडून आत आले तर रंभाकाकूने तुझं मनगट धरून ठेवलेलं. म्हणाली, भर दुपारची हाक हाय, तिसऱ्या हाकेबिगर ओ द्यायची नाय. माणूस असलं तर तिसऱ्यांदा हाक मारतं, दुसरं काय असलं तर दोनदाच, आन् ओ दिली की घेऊन जातं. मी तिला खूप चिडवलं. तिसरी हाक मारायला त्यांना मनाई कोणी केली, असंही विचारलं. तिला राग आला नाही. तू मात्र तेव्हापासून उलटंच धरलंस. श्यामलेचा आवाज मी झोपेत ओळखीन, तिला कशाला तीन हाका, म्हणायचीस, आणि शाळेच्या त्या टोकाकडून मी नुसतं मै म्हटलं तरी इकडे तुझा ओ यायचा. आजवर कधी चुकली नाहीस. मुख्याध्यापकसुद्धा थट्टा करायचे.

या महिन्याच्या सुरुवातीला मी कॅसेट बाहेर काढली. पेणच्या दमट हवेत टेपला बुरशी धरते, म्हणून बैठकीआधी एकदा पुढेमागे फिरवून, वाजवून बघायची, ही सरांची शिस्त. जेवण झालं होतं, दुपारचे दोन. बाहेर ऊन, शेजारी कुणीतरी पापड वाळत घालत होतं, म्हणजे भिण्यासारखं काही नव्हतं. भैरवी लागली. दाजी झाले, सर झाले, गोपाळने विचारलं, ही कुठे राहिली. आणि त्याला उत्तर द्यावं तसं जवळूनच कुणीतरी म्हणालं, आले, आले. मग जरा मोठ्याने, दाराकडे तोंड करून, मैथिली, ये गो, सुरू झालं. तो माझा आवाज होता.

मी तिथे नव्हते. मी पडवीत तुझ्याबरोबर होते, हे तुझ्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. आणि तो आवाज तेव्हाचा नाही, आत्ताचा आहे. गेल्या वर्षी कवळी बसवल्यापासून मी 'स' म्हटलं की बारीक शिट्टी वाजते, तू फोनवर हसतेस ना, ती शिट्टी 'सुरू'मध्ये स्पष्ट ऐकू आली. मग माझ्या डोक्यात आलं की गोपाळही त्या टेपवर धापा टाकत बोलतो. पस्तिशीत त्याला कुठला दमा? दमा शेवटच्या दोन वर्षांतला. मी कॅसेट मागे घेतली आणि पुन्हा लावली, खात्री करायला, जित्याची खोड. या वेळी हाक दोनदा आली. पहिल्या हाकेनंतर ती थांबली, तू ओ देण्याची वाट बघत मी थांबते तेवढीच. मग पुन्हा, मैथिली, ये गो. आणि परत ती थांबली. मागे बाई गात होत्या, आणि ती तुझी वाट बघत होती. मी टेप बंद केली. त्यानंतर लावली नाही.

माझं काय होणार ते मला कळलं आहे आणि त्याचं मला फारसं दुःख नाही. साखर ताब्यात आहे, जिना चढते, डॉक्टर खूश आहेत, तरी कळलं आहे. खरं सांगू, त्या भैरवीला मी पोचणार याचा मनात कुठेतरी आनंदच आहे. गोपाळ शेजारची जागा धरून बसला असेल. मला भीती वाटते ती टेपवरच्या बाईची, कारण ती मीच आहे आणि मी तिला ओळखते. ती वाईट नाही. जी हाक त्या दुपारी मी तुला मारायला हवी होती ती ती आत्ता मारतेय. पस्तीस वर्षं हा सल मी बाळगला, तिला तो फेडायचा आहे, आणि ती माझ्यासारखीच हट्टी आहे. कॅसेट मोडून टाकावी म्हणून दोनदा हातात घेतली. मोडवत नाही गो, त्यात गोपाळ विचारतोय. माझ्यामागे ती भोगावती नदीत सोडायची असं समीक्षाला बजावून ठेवलंय. तू मागितलीस तरी ती देणार नाही. तुझ्या प्रणिताला सातवा महिना लागलाय, तिच्या बाळाला न्हाऊमाखू घालायला तू हवीस. एवढं एकच मला हवं आहे, बाकी माझं सगळं झालं.

म्हणून फोन घेत नाही, मैथिली. फोन उचलला की मी आधी तुझं नाव घेणार, आणि तू ओ देणार. माझ्या तोंडून तुझ्या नावाची हाक आता कुठूनही तुझ्या कानावर पडू नये, म्हणून हे कागदावर. डिसेंबरच्या त्या दुसऱ्या रविवारी दुपारी तीनला तू घरीच राहा. आता खोकं उघड. शाळेने भंगारात काढलेला आपला तो पितळी स्टोव्ह आहे. वॉशर नवा घातलाय, पीन दोऱ्याने बांधली आहे, आणि रेशनवाल्या जनूच्या हातापाया पडून बाटलीभर रॉकेल मिळवलंय. त्या दिवशी गॅसकडे जाऊ नकोस. स्टोव्ह पेटव, पंप मारून मोठा कर आणि साठ माणसांचं आधण ठेवायचंय असं समजून त्याच्याजवळ बस. दारातून माझी हाक आली, पहिली आली, दुसरी आली, आणि रंभाकाकूच्या हिशेबातली तिसरीसुद्धा आली, अगदी माझीच, शिट्टीसकट, तरी ओ देऊ नकोस. पंप मार. त्या आवाजात काही ऐकू येत नाही, हे आपल्या दोघींना चांगलं ठाऊक आहे. तेव्हा मी तुझी भैरवी हुकवली, आता तुझ्या हाताने तूच हुकव. आणि चहा झाला की एक कप माझ्या नावाने ओट्यावर ठेव, बिनसाखरेचा.

कधी नव्हे ती तुला हाक न मारता थांबणारी, तुझीच,
श्यामला