फाटकाचे पक्षी, टाकीचे पक्षी

४ मार्च

दिल्या एकदाच्या! ह्यांच्या सगळ्या कॅसेट आणि नंतरची ती नखाएवढी कार्डं, बुटांच्या खोक्यांत भरून पक्ष्यांच्या संस्थेत पोचवल्या. कपाट मोकळं झालं. आता त्यात चादरी ठेवता येतील.

मुलाला फोनवर सांगितलं. म्हणाला, "कशाला उकरून काढतेस, आई? बाबा गेले. आता राहू दे ना." म्हटलं, त्या खोक्यांवरची धूळ कोण पुसतं, तू? — आणि फोन ठेवला. आयुष्यात एकदा तरी बापाबरोबर पहाटे टेकडीवर गेला असता, तर बोलायचा हक्क होता.

७ मार्च

संस्थेत कॅसेटमधले पक्ष्यांचे आवाज तपासायचं काम एका संगणकवालीकडे दिलंय. हुशार, पण पसारा! पोराला शाळेत सोडून धावत येते. टेबलावर डबा, वायरी, पोराचा एक मोजा. मी वायरी गुंडाळायला घेतल्या.

"राहू द्या ना, मॅडम."

"राहू दिलं म्हणूनच ही दशा झाली."

हसली. मला हसणारी माणसं कामात कच्ची वाटतात. ही नसावी.

ह्यांचं म्हणणं तिला समजावून सांगितलं. घरामागच्या टेकडीवर एक करडा, मुठीत मावेल एवढा पक्षी आहे. हे त्याला शिट्टीवाला म्हणत. जन्म टेलिफोन खात्यात तारा जोडण्यात गेला आणि सुट्टीच्या पहाटा या शिट्टीवाल्यामागे. ह्यांचा दावा असा, की खाली फाटकापाशी तो एक बोली बोलतो आणि वर पाण्याच्या टाकीपाशी दुसरी. मी चारचौघांत म्हणायचे, "पक्षी तोच आहे, ह्यांचे कान फिरलेत." लोक हसायचे. हेही हसायचे.

संगणकवालीची पद्धत मला आधी पटेना. "आम्ही प्रोग्रामला काहीच शिकवत नाही, मॅडम. फाटक नाही, टाकी नाही, तारीख नाही. प्रत्येक आवाजाचे आकडे करून देतो आणि म्हणतो, बाबा रे, तुला सारखे वाटतील ते जवळ ठेव. किती पुंजके पडतात ते त्याचं तो बघतो."

"आणि चुकला तर कान कोण धरणार?"

"तीच तर पंचाईत! बरोबर उत्तर कुणाकडेच नसतं."

माझी नोकरी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत गेली. बाटलीवर आधी चिठ्ठी, मग चाचणी. चिठ्ठी नसलेली बाटली मी दारातूनच परत पाठवायचे. माणसांनाही तशाच चिठ्ठ्या लावल्या असतील. ह्यांच्यावरची चिठ्ठी — रिकामटेकडा.

१२ मार्च

दोन पुंजके!!

पडद्यावर नुसते राखाडी ठिपके होते. एक ठिपका म्हणजे एक ध्वनिमुद्रण. त्यांचे आपोआप दोन घोळके झालेले, मध्ये स्वच्छ मोकळी जागा. मग तिने रंग भरले — फाटकाचे निळे, टाकीचे केशरी. एक घोळका निळा. दुसरा केशरी. थोडेफार ठिपके इकडचे तिकडे, पण आंधळ्यालाही दिसावं इतकं स्पष्ट.

"काका बरोबर होते, मॅडम! लेखात त्यांचं नाव पहिलं घालू."

तिने पाणी आणून दिलं. मी म्हटलं, पेला नीट विसळलेला नाही.

१३ मार्च

ह्यांच्या फोटोची काच पुसली. म्हटलं, "अहो, तुमचं खरं होतं." मोठ्याने म्हटलं. घरात कुणी नाही म्हणून जमलं.

१७ मार्च

आज आणखी एक. ते जे इकडचे तिकडे ठिपके होते — केशरी घोळक्यात घुसलेले निळे — ते सगळे शेवटच्या दोन वर्षांतले निघाले. तेव्हा हे टेकडी चढायचे बंद झाले होते, फाटकापाशीच दगडावर बसत. संगणकवाली खुर्चीतून उठलीच. "म्हणजे खालचे पक्षी वरची बोली शिकले! बोली टेकडी उतरून खाली आली!"

एक ठिपका मात्र कोपऱ्यात एकटाच. "हा कुणातच बसत नाही. माणसं बोलतायत बहुतेक, पक्षी नीट येत नाही. उडवून टाकू?"

"उडवायचं काही नाही. बाजूला ठेव."

मग निघताना, चपला घालता घालता, सवयीने विचारून बसले, "कोरी चाचणी केलीस का?"

"म्हणजे?"

"आम्ही पाण्याचा नमुना तपासायच्या आधी नमुन्याशिवाय सगळी चाचणी करून बघायचो. काहीच नसताना काही दिसलं, तर दोष बाटलीचा. तू पक्षी नसलेले तुकडे घालून बघ."

तिचा चेहरा जरा उतरला. मला बरं वाटलं — शिस्त लागली म्हणून! काय म्हणावं मला.

२१ मार्च

जीभ आवरायला हवी होती.

तिने दोन शिट्ट्यांमधले शांततेचे तुकडे कापून घेतले. एकाही पक्ष्याचा आवाज नाही. तेच प्रोग्रामला दिले. तेच दोन पुंजके पडले. हुबेहूब. फाटक इकडे, टाकी तिकडे, शेवटच्या वर्षांचं फाटक टाकीबरोबर.

"पक्षी नाहीयेत हो त्यात, मॅडम. दुसरंच काहीतरी आहे. यंत्राची खरखर असेल."

तिने हेडफोन माझ्या कानाला लावले. क्षणभरच ऐकलं.

यंत्र कसलं! ह्यांचा श्वास. इतकी वर्षं त्याच उशीशेजारी झोपले मी. टाकीपाशी पोचायचे ते चढण चढून, धापा टाकत, आणि तसेच लगेच बटण दाबायचे, पक्षी उडून जाईल म्हणून. वरच्या प्रत्येक मुद्रणात धाप. खालच्यात नाही. प्रोग्रामने पक्षी वेगळे केलेच नव्हते. ह्यांना वेगळं केलं होतं — चढलेले आणि न चढलेले.

तिला सांगितलं, "हे माणसाचं आहे." कुणाचं, ते तिने विचारलं नाही.

२२ मार्च

झोप नाही. एकच हिशेब डोक्यात. वरची धाप चढणीची. आणि शेवटच्या दोन वर्षांची, फाटकापाशी दगडावर बसून लागलेली धाप — ती कशाची?

डॉक्टर म्हणाले होते, हृदय अचानक बंद पडलं. मीही आल्यागेल्याला तेच सांगितलं, अचानक गेले. त्या पुंजक्यात अचानक काही नाही. दोन वर्षं रोज थोडं थोडं ऐकू येतंय. परक्या प्रोग्रामला ऐकू आलं, ज्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.

मी तेव्हा काय म्हणत होते? "टेकडी सुटली वाटतं! आता उद्यापासून पलंगावर पडून पक्षी ऐका." हे म्हणाले, "वरचं सगळं ऐकून झालंय, बाईसाहेब." मला ते आळशाचं उत्तर वाटलं. बाजारातून येताना मागे राहायचे तेव्हा मी वळूनसुद्धा बघत नव्हते. पिशव्या ह्यांच्याच हातात असायच्या.

२३ मार्च, रविवार

मुलाला फोन केला. सरळ विचारलं, "बाबांना धाप लागायची, तुला माहीत होतं?"

"आई, गॅसवर दूध ठेवलंय. नंतर करतो."

केला नाही.

२६ मार्च

संगणकवालीने उपाय काढला. शिट्टीचा सूर उंच असतो, श्वास त्याच्या खूप खाली. खालचं सगळं गाळून टाकायचं, मग पक्षी तेवढा उरेल. तिने माझ्यासमोर गाळलं आणि पुन्हा ठिपके मांडले.

एकच घोळका. निळे-केशरी सगळे एकमेकांत मिसळलेले. पक्षी तोच होता. बोली एकच.

म्हणजे मी चारचौघांत म्हणायचे ते बरोबर. इतकं बरोबर असणं मला नको होतं.

"लेखात कसं लिहायचं, मॅडम? थोडं मऊ करू का? काकांसाठी म्हणून."

"मऊ कशाला? जसं आहे तसं लिही. श्वासामुळे खोटे पुंजके पडले, हेही लिही. पुढच्या माणसाला उपयोगी पडेल. नाव मात्र पहिलं ह्यांचंच."

"ते तर आहेच." मग, "आणि हे गाळलेलं? हा तसा कचराच..."

"तो मला दे."

तिने सगळं एका कार्डावर भरलं. त्या एकट्या पडलेल्या ठिपक्याचं मुद्रणही त्यातच घातलं. जाताना डबा उघडून पुढे केला, "एक घास तरी खा." खाल्ला. मीठ कमी होतं. बोलले नाही.

घरी येऊन कपाटातल्या चादरी काढल्या.

२८ मार्च

रोज थोडं ऐकते. पक्षी नाहीत, नुसते हे. चढतात, थांबतात, पुन्हा चढतात.

३० मार्च, रविवार

आज तो एकटा ठिपका ऐकला. कुठल्याच पुंजक्यात का बसेना ते कळलं — श्वास दोघांचे आहेत. दुसरा माझ्या मुलाचा.

"बाबा, बसा जरा. आता तरी आईला सांगूया."

बराच वेळ धाप. मग हे, हसत —

"नको रे. कळलं तर ती मला रागवायचंच सोडून देईल. मग घरात ऐकू काय?"