सरकीसाठी उत्तम गवत

३ एप्रिल
आजपासून सरकीची संपूर्ण जबाबदारी माझी. सरकी म्हणजे केतकीची करडी सशीण. लेकीला नागपूरला नोकरी लागली, होस्टेलवर ससा चालत नाही. जाताना बजावून गेली, बाबा, मे महिन्यात येईन, नीट खात नसेल तर नागपूरच्या मैत्रिणीकडे नेऊन ठेवीन. हसलो. सगळी नोकरी कृषी खात्यात काढली अन् ही मले गवत शिकवते! आस्थापना शाखेत फायलींवर होतो हे खरं, पण कृषी अधिकाऱ्याची केबिन भिंतीला लागून होती.
केतकी गेल्यापासून घर खायला उठतं. सरकी पायाशी येऊन बसली की बरं वाटतं. तिला कुठंही जाऊ देणार नाही.

५ एप्रिल
सरकीसाठी पेलेट, म्हणजे खाद्याच्या गोळ्या, आणले. दुकानदार रंगीबेरंगी दाण्यांचं पाकीट पुढं करत होता. साफ नाही म्हटलं. साधे, हिरवट, फायबर जास्त असलेले घेतले, तारीख वाचून. घरी येऊन दोन स्वतः चावून पाहिले. कुरकुरीत. सुहासिनीनं विचारलं, अहो, चहासोबत देऊ का? बायकोला संशोधनाची कदर नाही.
संकल्प : सकाळी थोडे पेलेट, बाकी दिवसभर गवत. शिस्त म्हणजे शिस्त.

११ एप्रिल
टिमोथी गवताचं पार्सल आलं. परदेशी. सशांसाठी सगळ्यात चांगलं. वर लिहिलंय, हवेशीर जागी ठेवा. म्हणून पिशवी फेकून दिली, गवत पोत्यात भरून मागच्या व्हरांड्यात ठेवलं. सुहासिनीचं म्हणणं, पिशवी ठेवायला हवी होती. तिला सगळ्याच पिशव्या ठेवायच्या असतात.

१२ एप्रिल, दुपार
ऊन मी म्हणतंय. कूलरवाला मारोती आला, माझ्या खोलीतल्या कूलरच्या ताट्यांत, म्हणजे बाजूच्या जाळ्यांत, नवं गवत भरायला. त्यानंही आपलं गवताचं पोतं व्हरांड्यातच टेकवलं अन् पंप पाहायला गेला. परत येऊन म्हणतो, साहेब, यातलं आपलं पोतं कोणतं? दोन्ही सारखीच दिसून राह्यली. लवकर सांगा, मले आणखी चार घरं करायची हायेत.
दुसरा असता तर गोंधळला असता. मी दोन्हीत हात घातला, वास घेतला. एकात हिरवट काड्या, मधे मधे तुरे. अगदीच गावठी. दुसरं सोनेरी, मऊ, कुरळं. बघताच कळतं, इम्पोर्टेड. हिरवं मारोतीला दिलं. त्यानं ते घाईघाईनं ताट्यांत कोंबलं अन् गेला. सोनेरी सरकीचं.

१४ एप्रिल
सरकी गवताला तोंड लावत नाही. हुंगते अन् पाठ फिरवते. एवढं निवडून आणलेलं! गाढवाला गुळाची चव काय.
केतकीचा फोन. सांगितलं, उत्तम खाते. खोटं नाही, पेलेट खातेच.

२० एप्रिल
चमत्कार! सरकी दिवसभर माझ्याच खोलीत असते. दुपारी मी आडवा झालो की कूलरच्या मागं जाऊन बसते, संध्याकाळपर्यंत हलत नाही. सुहासिनीनं कोथिंबीर दाखवून बोलावलं. गेली नाही! याला म्हणतात लळा. गवताशिवाय नुसत्या पेलेटवर अंगही चांगलं धरलंय. शेवटी निवड कोणाची?
सुहासिनीला म्हटलं, जनावराला माणूस कळतो. ती म्हणाली, हो, म्हणूनच तर नवल वाटते.

२८ एप्रिल
कूलर गरम हवा फेकून राह्यला. मारोतीला फोनवर झापलं, हलकं गवत भरलं, दगाबाज! तर म्हणतो, गवत तं तुम्हीच काढून देल्लं ना, साहेब. बघा, चोराच्या उलट्या बोंबा. या जगात विश्वास ठेवावा असं कोणी उरलं नाही. एक सरकी सोडून.

४ मे
उद्या केतकी येते. काय बोलायचं ते ठरलं : सरकी माझ्याशिवाय जगणार नाही. पुरावा : माझी खोली सोडत नाही.

५ मे
केतकीनं सोनेरी गवत हातात घेतलं. म्हणाली, बाबा, हे गवत नाही, लाकडाचा कीस आहे, कूलरमध्ये भरतात तो. म्हटलं, वास घेऊन बघ. तिनं घेतला. मग मला घ्यायला लावला. लाकडाचाच.
नंतर कूलरच्या मागं वाकली अन् मला हाक मारली. मागच्या ताटीला सरकीचं डोकं जाईल एवढं भोक. त्या बाजूची पाण्याची नळी तुंबलेली, म्हणून तिथलं गवत कोरडं. बाईसाहेब इतके दिवस माझ्या कूलरमधून टिमोथी खात होत्या! केतकी म्हणाली, नशीब, ओलं बुरसटलेलं खाल्लं असतं तर मेली असती. सुहासिनी तोंडात पदर कोंबून स्वयंपाकघरात पळाली.
दगा! मारोती परका, त्याचं सोडा. पण ही तर घरची! मी इथं डोळे मिटून समजत होतो, माझ्यासाठी येते.
केतकीनं नवं टिमोथी आणलं होतं, ते बैठकीत टोपलीत ठेवलं. सरकी टोपलीत जाऊन बसली. माझ्या खोलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. केतकीला म्हटलं, घेऊन जा नागपूरला. माझा अन् तिचा संबंध संपला. रात्री जेवलो नाही. कोणी आग्रहही केला नाही.

६ मे, सकाळ
केतकीनं बॅग भरली. पिंजरा दाराशी आणून ठेवला.
शेवटची परीक्षा म्हणून खोलीत रिकाम्या हातानं बसलो. सरकी, ये. सरकी, सरकी. नाही आली.
मग कोणी पाहत नाही असं बघून टोपलीतलं मूठभर गवत आणलं. आली. पुढचे पाय माझ्या मांडीवर टेकवून खाल्लं. तळहाताला तिच्या मिशा लागत होत्या. गवत संपलं. गेली.
केतकी दारातून विचारत होती, बाबा, नेऊ ना हिला?
म्हटलं, राहू दे. फक्त गवत तू निवडून पाठवत जा.