सगळं 'कधीच नाही'

गुरुवार, १२ तारीख
दुपार, दुकानाचं शटर अर्धं ओढून

प्रिय धाकटोबा,

ताईचे आशीर्वाद आत्ताच घेऊन ठेव. पत्र वाचून झाल्यावर तुला ते घ्यावेसे वाटतील की नाही, याची मला खात्री नाही.

इकडे सगळे ठीक आहेत. तुझ्या भावोजींना निवृत्त होऊन वर्ष झालं, पण अजून रोज सकाळी घड्याळ बघून 'उशीर झाला' म्हणतात आणि मग वर्तमानपत्र घेऊन बसतात. सूनबाईचा हात आता कापडावर छान बसलाय. शाळेची ऑर्डर आलीय, बावीस खिडक्यांचे पडदे, आणि बावीसच्या बावीस खिडक्यांची मापं वेगवेगळी. ज्या गवंड्याने ती शाळा बांधली तो मला एकदा भेटायला हवा.

फोन का नाही केला म्हणून विचारशील. कारण फोनवर तू 'ताई, मीटिंगमध्ये आहे' म्हणतोस आणि मी 'बरं बरं' म्हणते. आपल्या घराण्याचा सगळा घोळ या 'बरं बरं'तच आहे. पत्र तरी तुला मध्येच तोडता येणार नाही.

आधी तुझ्याशी भांडून घेते.

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन सात महिने झाले. या सात महिन्यांत मला दूधवाल्याने विचारलं, बँकेतल्या शिपायाने विचारलं, वरच्या मजल्यावरची जी बाई एरवी माझ्याशी बोलत नाही तिने विचारलं, 'गुडघा कसाय आता?' आणि माझा पाठचा भाऊ, जो गुडघ्यांचा डॉक्टर आहे, जो गुडघ्यांवर अभ्यास करतो, त्याने एकदाही विचारलं नाही! मी विषय काढला की तू हात वर करणार. 'ताई, मला सांगू नकोस. तू अभ्यासात आहेस. नियमात बसत नाही.' अरे, कुठला नियम? भावाने बहिणीची चौकशी करायची नाही असा नियम ज्याने केला त्याला बहीण नसणार.

तू समजावलंस मला, नाही असं नाही. ऑपरेशन दुसऱ्या डॉक्टरांनी केलं, कुणाला जुनी पद्धत आणि कुणाला नवी हे बंद पाकिटात, पेशंटलाही माहीत नाही आणि तुलाही नाही. जुन्या पद्धतीत सगळ्यांचे पाय एका सरळ रेषेत आणायचे, आणि नव्या पद्धतीत ज्याचा पाय जन्मापासून जसा थोडा वाकडा असेल तसाच ठेवून सांधा बसवायचा. हे सांगताना तुझा चेहरा असा झाला होता जसं काही जगात पहिल्यांदा कुणाला सुचलंय. मी चाळीस वर्षं पडदे कापतेय. जुन्या घरात पडदा पट्टी लावून कापला की तिरकाच लटकतो, तो त्या घराची जमीन बघून कापावा लागतो. मला विचारायचं होतंस, इतकी वर्षं वाचली असती.

असो. आता ते कागद.

दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी व्यायामाच्या वर्गाला गेलं की तुमची ती रिसर्चची मुलगी हातात कागद देते. बारा प्रश्न. जिना चढताना गुडघ्याची जाणीव होते का? खुर्चीतून उठताना होते का? आवडता खेळ खेळताना होते का? मी त्रेसष्ट वर्षांची आहे, माझा आवडता खेळ म्हणजे तुझ्या भावोजींचा चष्मा शोधणं. पुढे चौकटी. कधीच नाही, क्वचित, कधीकधी, सतत. तू म्हणाला होतास की चांगला सांधा तोच, ज्याची माणसाला आठवणही येत नाही. वाक्य छान आहे तुझं. पण ज्याचा गुडघा दुखतो त्याला बारा वेळा विचारायचं की गुडघ्याची आठवण येते का, म्हणजे जखमेवर मीठच.

गेल्या रविवारी तू आलास, तेव्हा मी हे सगळं बोलणार होते. पण तू बुटांसकट आत आलास आणि भिंतीकडे बघत म्हणालास, 'ताई, सगळं पाण्यात गेलं.' मग सांगितलंस. पाकिटं उघडली. फिजिओच्या बाई गुडघा किती वाकतो ते जे मोजतात, त्यात नव्या पद्धतीचे लोक स्पष्ट पुढे आहेत. पण पेशंटांनी स्वतः भरलेल्या कागदांत दोन्हीकडे सारखंच, दोन्हीकडे भरघोस गुण. आणि ते तुझे मोठे साहेब, ज्यांचं तोंड कायम काढा प्यायल्यासारखं असतं, ते म्हणाले, 'पेशंटला फरक वाटत नसेल तर तुमचा कोन काय चाटायचाय?' आणि येत्या सोमवारी तू समितीपुढे उभा राहून सांगणार की नव्या पद्धतीचा उपयोग नाही, हे काम बंद करू या.

तू जाताना दारात मी विचारलं, 'मी कुठल्यात होते रे?' तू म्हणालास, 'जुन्या. आता सांगायला हरकत नाही.'

मी 'बरं बरं' म्हटलं. तू गेलास आणि मी तिथेच पायपुसण्यावर उभी राहिले.

आता नीट वाच. चष्मा लावून वाच.

ते कागद खोटे आहेत. माझे सगळे खोटे आहेत. आणि माझ्या एकटीचे नाहीत. मंगळवारच्या वर्गातल्या चौदाही जणांचे खोटे आहेत आणि ते मी करायला लावलेत.

मुद्दाम कट वगैरे केला नाही रे. पहिल्याच महिन्यात बाकावर माझ्या शेजारी ते निवृत्त पोस्टमन बसले होते. मोठ्याने वाचत होते, 'जिना उतरताना गुडघ्याची जाणीव होते का? होते की, दर पायरीला होते!' आणि तसंच लिहायला लागले. मी म्हटलं, 'अहो, असं काय लिहिता? हा अभ्यास माझ्या भावाचा आहे. पोरगं झिजलंय त्यापायी.' ते म्हणाले, 'अरेच्चा, ते उंच डॉक्टर तुमचे भाऊ? मग काय लिहू?' मी बोट ठेवून दाखवलं, 'कधीच नाही.' पलीकडून बेकरीवाली म्हणाली, 'एवढा चांगला माणूस, वॉर्डात स्वतः येऊन उशी सरकवून द्यायचा. त्याला कसली नावं ठेवायची? माझंही सगळं कधीच नाही.' झालं. पुढच्या महिन्यापासून वर्गाचा रिवाजच पडला. मी आत शिरले की पोस्टमन ओरडायचे, 'ताई, आज पण कधीच नाही ना?' आणि सगळे हसायचे. मी पण हसायचे. अक्कल गहाण टाकली होती मी.

आपल्या आईचं आठव. पाय लाकडासारखा झाला होता, खुर्चीतून उठताना डोळ्यांत पाणी यायचं, आणि डॉक्टरांनी 'कशा आहात' विचारलं की 'छान आहे हो, तुमच्या हाताला यश आहे.' बाहेर आल्यावर मी चिडले तर म्हणाली, 'एवढी मेहनत घेतली त्यांनी, तोंडावर कसं सांगायचं?' तिच्यावर चिडणारी मी, आणि तेरा परक्या माणसांना तेच शिकवलं.

मला वाटलं, गुण जास्त पडले की तू जिंकणार. त्यात निम्मे लोक जुन्या पद्धतीचे असतील, मी स्वतः असेन, हे डोक्यातच आलं नाही. म्हणजे सात महिने मी तुझ्याविरुद्ध मत टाकत होते, आणि बाकीच्यांनाही रांगेत उभं करून टाकायला लावत होते! अठ्ठेचाळीस पेशंटांत चौदा. फरक दिसेलच कसा? माझ्या पायावर धोंडा पडला असता तर मी आनंदाने सोसला असता. मी तो तुझ्या पायावर पाडला.

अजून एक आहे, आणि ते लिहायला मला सर्वांत जड जातंय. बेकरीवालीला तीन महिन्यांपूर्वी हॉस्पिटलमधून सांगितलं की तुमचे कागद उत्तम आहेत, तुम्हाला वर्गाची गरज नाही. तिचा व्यायाम बंद झाला. गेल्या सोमवारी तिच्या दुकानात गेले तर स्टुलावर बसून पाव देत होती. वरच्या फळीवरचं काही मागितलं की गिऱ्हाइकालाच म्हणते, 'तुम्हीच काढून घ्या.' मला बघून हसली आणि म्हणाली, 'तुमच्या भावाचं झालं ना सगळं नीट?' मी पाव न घेताच परत आले.

परवाच्या मंगळवारी मी वर्गात सगळ्यांना बसवून सांगितलं. तुझं नाव खराब होऊ नये म्हणून नाही, खरं सांगायचं म्हणून. बेकरीवालीलाही बोलावून घेतलं होतं. कुणी रागावलं नाही, हेच जास्त लागलं. रिसर्चच्या मुलीकडून कोरे कागद मागून घेतले. ती बिचारी आधी नियम सांगत होती, मग माझा चेहरा बघून तिने देऊन टाकले. चौदा जणांनी परत भरले आणि या वेळी मी लांब, खिडकीपाशी जाऊन बसले. पोस्टमननी चौकटीत खूण केली आणि शेजारी पेनाने लिहिलं, 'दर पायरीला'. एका मास्तरांनी मात्र परत सगळं 'कधीच नाही' केलं. मी डोळे वटारले तर म्हणाले, 'अहो, माझा खरंच दुखत नाही!' असेलही. कुणाला कुठली पद्धत हे मला माहीत नाही आणि ते मला कुणी सांगूही नये.

मागच्या सगळ्या महिन्यांचे कागद याने दुरुस्त होत नाहीत, एवढं मला कळतं. कापड एकदा आखूड कापलं की संपलं. पण सोमवारी 'उपयोग नाही' असं सांगू नकोस. ते खोटं आहे. 'उपयोग आहे' हेही सांगू नकोस, ते तुलाही माहीत नाही. 'माझ्या बहिणीने घोळ घातला, मला अजून काहीच सांगता येत नाही, परत करावं लागेल,' असं सांग. परत करायला अजून तीन वर्षं लागतील म्हणालास ना? लागू देत.

शुक्रवार, दुपार

काल इथे थांबले, कारण मला तुझी भीती वाटायला लागली. तू ओरडशील याची नाही. तू ओरडणार नाहीस याची. लहानपणी शेजाऱ्यांची काच मी फोडली आणि मार तू खाल्लास, गप्प बसून. आणि सात वर्षांचा होतास. आता पत्र वाचून तू म्हणशील, 'ताई, जाऊ दे, कागद तुझ्याकडेच ठेव, कुणाला बोलू नकोस.' आणि सोमवारी तिथे उभा राहून शांतपणे स्वतःचं काम स्वतःच बुडवशील, पण बहिणीचं नाव घेणार नाहीस. पुढे किती लोकांचे पाय पट्टी लावून कापले जातील ते जातील.

म्हणून आज सकाळी कालच्या पानांची झेरॉक्स काढली आणि चौदा कागदांसह तुझ्या मोठ्या साहेबांना नेऊन दिली. हातात दिली, टेबलावर नाही. लिफ्ट बंद होती. दोन जिने चढले, आणि उतरताना कठड्याला धरून उलटी उतरले, पोस्टमन उतरतात तशी. काढा प्यायल्याचं वाक्य खोडायचं राहून गेलं. त्यांनी माझ्यासमोरच वाचायला घेतलं आणि तिथे आल्यावर चष्म्यावरून एकदा माझ्याकडे पाहिलं. मग खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाले, 'बसा. सोमवारी तुम्हीही याल का?' मी हो म्हटलंय.

तेव्हा मला वाचवायच्या फंदात पडू नकोस, ती वेळ गेली. त्यांनी माझं नाव तुमच्या यादीतून माझ्यासमोर काढलं, लाल पेनाने.

गुडघा दुखतो रे. सात महिने झाले, मी जमिनीवर बसलेले नाही. सूनबाई खाली बसून कापड कापते आणि मी वरून नुसती बडबडते. हा दुकानाचा व्याप मी अजून किती दिवस ओढणार, कळत नाही. कुणालाच बोलले नव्हते, तुझ्या भावोजींनाही नाही.

रागव. हवा तितका रागव, मी ऐकून घेईन.

आता तुझ्या अभ्यासात नसलेली,
नुसती तुझी
ताई