ऑइलचा दिवा लागला नाही

मोहने,
९ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. नीला हिस,
अ. आ. वि. वि.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. फोनवरचं बोलणं मला नीट कळत नाही म्हणून तू पत्रं लिहायला लागलीस, त्याला दीड वर्ष झालं. अक्षर अजून शाळेतल्यासारखंच आहे आणि हट्टही. गाडी भंगारात दे, असं सांगणारं हे यंदाचं चौथं पत्र.

म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. गाडी सत्तावीस वर्षांची आहे, कबूल. पण तीन सिलिंडरचं, सातशे शहाण्णव सीसीचं पेट्रोल इंजिन, साधा कार्बोरेटर. बिघडायला आत फारसं काही नाहीच. एक लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटर झाले, इंजिन एकदाही खोललेलं नाही. लिटरला अजून सोळा देते. दसऱ्याला कॉम्प्रेशन तपासलं, तिन्ही सिलिंडर जवळपास सारखे. उलट हल्ली ती पूर्वीपेक्षा गुळगुळीत चालते. अडतीस वर्षं कारखान्यात पंप आणि बॉयलर सांभाळले आहेत मी. मला कमी ऐकू येतं ते माणसांचं. मशीनचं येतं.

तुझी नात मजेत आहे. जूनमध्ये कल्याणच्या नोकरीसाठी क्षिप्रा माझ्याकडे राहायला आली, तेव्हापासून घराला घरपण आलं आहे. रोज सकाळी मी तिला गाडीने तिच्या लॅबपर्यंत सोडतो.

प्रभाकररावांना नमस्कार सांग. भावावर माया आहेच, त्यातली थोडी गाडीवरही कर.

तुझा दादा,
श्रीपाद


कोपरी, ठाणे (पूर्व)
१५ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

इंजिनाची माहिती ह्यांना वाचून दाखवली. ते म्हणाले, आपल्या लग्नाच्या वेळी श्रीपादने तुझ्याबद्दल याच्या निम्मंही सांगितलं नव्हतं.

पण दादा, खरं सांगू? मला गाडीविषयी लिहायचंच नव्हतं. जे लिहायचं होतं ते लिहवेना, म्हणून गाडीला नावं ठेवली. दिवाळीत आम्ही आलो होतो तेव्हा तू गेटातून गाडी मागे घेत होतास. टेम्पोवाला सारखा हॉर्न देत होता. तू वळूनसुद्धा पाहिलं नाहीस, त्यानेच ब्रेक मारला. विचारलं तर म्हणालास, लक्ष दिलं नाही. मला ते पटलं नाही.

कान तपासून घे. माझ्यासाठी नको, रोज तुझ्या शेजारच्या सीटवर बसते तिच्यासाठी घे. रागावलास तरी चालेल, पण उत्तर पाठव.

तुझीच,
नीला


मोहने,
२४ नोव्हेंबर २०२५

ती. आजीस,
शि. सा. न.

आधीच सांगते, आम्ही दोघंही एकदम ठीक आहोत. फोनवर तू पहिल्या वाक्यालाच घाबरतेस आणि पुढचं ऐकत नाहीस, म्हणून लिहिते.

काल रविवारी आम्ही टिटवाळ्याला निघालेलो. आटाळीच्या पुढे इंजिनमधून टकटक यायला लागली, आतून कोणी हातोडी मारतंय तशी. मी दादाआजोबांकडे बघितलं, तर ते आरामात चालवतायत. आवाज येतोय म्हटलं, तर त्यांनी मान हलवली आणि देवळात गर्दी असेल का ते बोलायला लागले. मग मी ओरडून सांगितलं. ते चिडले, म्हणाले की माझ्या इंजिनाचा आवाज मला कळतो. डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा पण लागलेला नव्हता. आणि इकडे रस्त्यावरची माणसं वळून बघत होती. शेवटी मी मोबाईलवर मोठ्या अक्षरांत टाईप केलं, 'इंजिन ठोकतंय, थांबा', आणि त्यांच्यासमोर धरला.

त्यांनी लगेच गाडी बाजूला घेऊन बंद केली. बॉनेट उघडून डिपस्टिक काढली, तर ती कोरडी. पुसून परत घातली, परत कोरडीच. आजी, ते किती मोठ्याने बोलतात तुला माहितीये. पण तेव्हा इतके हळू बोलले की मीच जवळ गेले. म्हणाले, "क्षिप्रा, मला काहीच ऐकू आलं नाही गं."

तिथल्याच गोविंदा भोईरांनी त्यांच्या पिकअपला दोर बांधून गाडी कल्याणला प्रफुल्लदादांच्या गॅरेजपर्यंत ओढून नेली. इंजिन वाचेल की नाही ते आठवड्याभरात कळेल. दादाआजोबा कालपासून धड जेवले नाहीयेत. तू त्यांना लिही, पण ओरडू नकोस हां.

तुझी लाडकी (आहे ना अजून?),
क्षिप्रा


मोहने,
३ डिसेंबर २०२५

चि. सौ. नीला हिस,
अ. आ. वि. वि.

आधी चांगली बातमी. प्रफुल्लने इंजिन खालून खोललं. क्रँकशाफ्ट शाबूत आहे, फक्त बेअरिंग घासली होती, ती बदलली. तेलाचा दाब कमी झाला की दिवा लावणारा एक छोटासा स्विच असतो. तोच फुटला होता. तेल तिथूनच गळालं आणि दिवाही त्यामुळेच लागला नाही. आणखी दोन किलोमीटर गेलो असतो तर इंजिन जाम झालं असतं, असं तो म्हणाला.

दोष स्विचचा, पण सगळा नाही. पूर्वी मी रोज सकाळी तेल बघायचो. गेले काही महिने सोडलं होतं, कारण इंजिन छान गुळगुळीत चालतंय असं वाटत होतं. ते गुळगुळीत झालं नव्हतं, नीला. मला ऐकू येईनासं झालं होतं.

आणि आता जे कोणाला सांगितलं नाही ते. टेम्पोचा हॉर्न मला ऐकू आला नव्हता. मे महिन्यात शहाडच्या पुलावर एक मोटारसायकलवाला माझ्यामुळे पडता पडता वाचला. तो बराच वेळ हॉर्न देत होता म्हणे. त्याने दिलेल्या शिव्या मला त्याच्या तोंडाकडे बघून कळल्या. घरी आलो आणि गप्प बसलो. एवढं होऊनही जूनपासून पोरीला रोज शेजारी बसवून नेलं. हे मनातून जात नाही.

शनिवारी क्षिप्रा मला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. कारखान्यातल्या आवाजाने दोन्ही कान गेले आहेत, पण मशीन लावलं तर पुष्कळ ऐकू येईल असं त्या म्हणाल्या. मापं दिली आहेत. तुला काय बोलायचं असेल ते बोल, मी वाचायला तयार आहे.

दादा


कोपरी, ठाणे (पूर्व)
८ डिसेंबर २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा फार रागावले. शहाडच्या पुलावरचं वाचून पत्र बाजूला ठेवलं. ह्यांनी पाणी दिलं, मग पुन्हा वाचलं, आणि तू हे स्वतःच्या हाताने लिहिलंस एवढंच मनात उरलं. देवापुढे साखर ठेवली. रात्री किती दिवसांनी मला शांत झोप लागली.

जे झालं नाही त्याचं ओझं आता वाहू नकोस. मशीन मात्र कानात ठेव, कपाटात नको. नीट जेव.

तुझी आणि सध्या तुझ्या गाडीचीही,
नीला


मोहने,
११ जानेवारी २०२६

चि. सौ. नीला हिस,
अ. आ. वि. वि.

कानाची मशीनं लावून दहा दिवस झाले. भांडी फार वाजतात आणि शेजारचे लोक फार बोलतात.

मशीनं येईपर्यंत गाडी प्रफुल्लकडेच ठेवली होती, मंगळवारी आणायला गेलो. क्षिप्राने चावी फिरवली आणि मी बॉनेट उघडून उभा राहिलो. टॅपेट वाजतात, पंख्याचा पट्टा किरकिरतो, मधला सिलिंडर जरा खोकतो. सगळं सगळं ऐकू आलं. प्रफुल्लने विचारलं, बंद करू का? मी म्हटलं, अजून थोडं चालू दे.

डॉक्टर म्हणतात, सवय झाली की गाडी चालवायला हरकत नाही. पण किल्ली मी क्षिप्राला दिली आहे. ती क्लच जरा जास्त दाबून धरते, बाकी हात चांगला आहे. काल तिने मला दुर्गाडीच्या पुलावरून नेलं. इतकी वर्षं मी त्या पुलावरून गाडी नेली, पण माझे डोळे कायम पुढच्या गाडीच्या नंबर प्लेटवर. काल पहिल्यांदा खाली खाडी पाहिली. भरती होती, पाणी पार काठाला लागलं होतं. मी तिला म्हटलं, जरा हळू घे. तिला वाटलं, मला भीती वाटते. वाटू दिलं.

पुढच्या रविवारी दोघं कोपरीला येतो. मी शेजारच्या सीटवर बसून येणार आहे, खिडकीची काच खाली करून.

भेटीअंती बोलूच. मला ऐकू येईल.

तुझा,
दादा