वजनाच्या दिवशीचं पाणी

प्रिय आईस,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहायला बसले. मी मजेत आहे, काळजी करू नकोस.

कॉलेजला पन्नास वर्षं झाली म्हणून मेसच्या भिंतीवर जुन्या विद्यार्थिनींचे फोटो लावलेत. सगळ्या डंबेल्स उचललेल्या, गुटगुटीत. खाली लिहिलंय, 'आमची आरोग्याची परंपरा'. त्यांच्या नजरेखाली आम्ही शिळ्या कोबीचं पाणी गिळतो. काल त्यात झुरळ निघालं, तर आचारी म्हणतो, "बाजूला काढ की, तेवढ्यानं काय मरतेस?" शिसारी आली मला.

त्याहून किळस येते ती वजनाच्या दिवसाची. दर महिन्याला काट्यावर चढण्याआधी रेक्टरबाई प्रत्येकीला तांब्याभर पाणी प्यायला लावतात. पहिल्या रेक्टरबाईंपासूनची पद्धत म्हणे! मग पाहुण्यांना ऐकवतात, "आमच्याकडे आजवर एकही मुलगी रोडावली नाही." जनाची नाही तर मनाची तरी! आमची पोटं डचमळतात आणि आम्ही काट्यावर हसत उभ्या.

दादाचा खोकला थांबला का? तू वेळेवर जेवतेस ना?

बाबांना सांग, कॉलेजच्या काट्यावर माझं वजन वाढलंय. आणि माझा नवा स्कर्ट शिवशील तेव्हा कंबर जुन्या मापापेक्षा चार बोटं कमी धर. हे मात्र बाबांना सांगू नकोस.

तुझीच,
धाकटी